वरळीचा बांध आणि मुंबईच्या दलदलीच्या दंतकथा

मुंबईच्या इतिहासावर ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. देवळे कोणी बांधली, वाड्या कोणी वसविल्या, कोणत्या शेटसावकाराने कोणती धर्मशाळा उभारली, याच्या हकीकती आपण आवडीने वाचतो आणि जपून ठेवतो. परंतु ज्या जमिनीवर या वाड्या आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या, ती जमीन पूर्वी कशी होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गिरगावच्या खालच्या अंगापासून भायखळ्यापर्यंत आणि तेथून परळ-वरळीच्या पायथ्यापर्यंत जो सखल प्रदेश पसरला आहे, त्यातील बराच मोठा भाग दोन-अडीचशे वर्षांपूर्वी जमीन नव्हताच. ते खाजण होते. भरतीला त्यात समुद्र शिरे, ओहोटीला मागे चिखल उरे, आणि पावसाळ्यात गोडे व खारे पाणी एकत्र होऊन त्याची दलदल होई. इंग्रज त्यास 'फ्लॅट्स' म्हणजे सखल मैदान म्हणत. या दलदलीचा इतिहास आणि तिजभोवती जमलेल्या दंतकथा यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुंबई हे मुळी एक बेट नव्हतेच. कुलाबा, त्याच्या लगतचे लहान बेट, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे होती, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. पण नकाशात ही बेटे जशी निळ्या पाण्याने स्वच्छ अलग झालेली दिसतात, तशी ती प्रत्यक्षात नव्हती. त्यांच्यामध्ये खोल समुद्र फार थोड्या ठिकाणी होता. बाकी सर्वत्र तिवरांची बने, गुडघाभर चिखल आणि भरतीच्या वेळी पाण्याने भरून जाणाऱ्या वाटा होत्या. महालक्ष्मीची टेकडी आणि वरळीचे बेट यांच्यामध्ये जे मोठे भगदाड होते, तेथून भरतीचे पाणी आत घुसे आणि थेट पायधुणीपर्यंत येऊन पोहोचे. सुलतान चंद्रकोरीवर जितका हक्क सांगतो, तितकाच समुद्र या सखल भागावर सांगत असे; दिवसातून दोनदा तो आपला वसूल घेऊन जाई.

या स्थितीची साक्ष आजही स्थलनामे देतात. पायधुणी हे नाव, खाडी ओलांडून आलेला वाटसरू तेथे पाय धुई म्हणून पडले, असे परंपरेने सांगतात. उमरखाडीत आज खाडी नाही, पण नावात ती राहिली आहे. खारा तलाव, चिखलवाडी, चिंचपोकळी ही नावे उच्चारताना आपण त्यांच्या अर्थाकडे लक्ष देत नाही. फोरस रोड या नावाची मात्र अलीकडे दुसऱ्याच कारणाने अपकीर्ती झाली. वस्तुतः 'फोरस' हा पोर्तुगीज अमदानीतील सारापद्धतीचा शब्द. खाऱ्या पाण्याखालची जमीन जो कोणी बांध घालून लागवडीस आणील, त्यास ती अल्प खंडाने देण्याची वहिवाट होती, आणि अशा जमिनींमधून काढलेले रस्ते ते फोरस रस्ते. या जमिनींच्या मालकीचा घोळ इतका वाढला होता की तो मिटविण्यासाठी १८५१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. जुन्या कुटुंबांच्या दप्तरांत फोरस जमिनीचे कागद अद्याप निघतात, ते या कारणाने.

इंग्रजांच्या हाती मुंबई आली ती १६६१ च्या विवाहाच्या तहाने, आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीस देऊन टाकली. त्यानंतरच्या शतकातील गोऱ्या लोकांचे लेख वाचले म्हणजे या दलदलीने त्यांच्या मनात केवढी दहशत निर्माण केली होती, ते कळून येते. डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली येथे आला. चांगली जमीन भरतीच्या पाण्याखाली वाया जात आहे, असे सांगताना त्याने चाळीस हजार एकर हा आकडा दिला आहे. सारे बेटच मुळी तेवढे मोठे नव्हते! पादरी ओव्हिंग्टन १६९० मध्ये आला. त्याच्या जहाजाबरोबर आलेल्या मंडळींपैकी बहुतेकांस पावसाळा संपण्यापूर्वीच मूठमाती देण्याची पाळी आली. मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच त्या काळी गोऱ्या वस्तीत रूढ झाली होती. नारळीच्या झाडांना माशांचे खत घालतात, ते कुजून हवा बिघडते, असाही एक समज होता. चिखलातून विषारी वाफ निघते आणि तीच ताप आणते, हे त्या काळच्या वैद्यकाचे ठाम मत होते. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच मुळी 'वाईट हवा' असा आहे.

गोऱ्या लोकांनी वाफेला दोष दिला. आपल्या पूर्वजांनी तोच दोष भुताखेतांना दिला. दोघांचेही निरीक्षण मात्र एकच होते: तिन्हीसांजेनंतर खाजणाच्या कडेला थांबणे जिवावर बेतते. आमच्या घरातील वृद्ध स्त्रिया मुलांना दिवेलागणीनंतर पाणवठ्याकडे जाऊ देत नसत. विचारले तर 'तेथे आसरा आहेत' एवढेच उत्तर मिळे. डास हा प्राणी संध्याकाळीच बाहेर पडतो, हे त्यांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तथापि निषेधाची वेळ त्यांनी अगदी बरोबर साधली होती.

कोकणातील खाड्या आणि खाजणे यांतील भुतांची जी यादी आपल्याकडे परंपरेने चालत आली आहे, ती मोठी मनोरंजक आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांचा १९०९ मध्ये वध झाला, त्यांनी गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून अशा समजुतींची माहिती जमविली होती. पुढे एन्थोवन यांनी ती १९१५ च्या सुमारास प्रसिद्ध केली. त्या मास्तर मंडळींचे आपल्यावर उपकार आहेत. त्यांनी चांगल्या अक्षरात उत्तरे लिहून धाडली नसती, तर पुष्कळ गोष्टी सांगणाऱ्यांबरोबरच गेल्या असत्या.

पाण्यातील भुतांत गिऱ्हा हा विशेष प्रसिद्ध. बुडून मेलेल्या माणसाचे हे भूत रात्री वाटसरूस ओळखीच्या आवाजाने हाक मारते, 'इकडून ये, इकडे पाणी उथळ आहे' असे सांगते, आणि त्यास खोल पाण्यात नेऊन सोडते. मासळीची त्यास फार आवड. पण जो धीट पुरुष त्याचे केस कापून ताब्यात ठेवील, त्याच्या घरी तो निमूटपणे राबतो, अशीही समजूत आहे. चकवा हा जमिनीवरचा. तो माणसास रात्रभर एकाच जागी गोल गोल फिरवितो. ज्याने ओहोटीच्या वेळी अंधारात तिवरांच्या बनातून वाट काढली आहे, त्यास चकवा म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाण्याने वाट पुसली जाते, झाडे सारखी दिसतात, आणि मागून भरती चढत असते. अशा ठिकाणी वाट चुकणे म्हणजे बुडणे. गिऱ्ह्याची आणि चकव्याची गोष्ट ज्या मुलाने ऐकली असेल, ते मूल एकटे खाडीत उतरणार नाही; आणि गोष्टीचा उपयोग तोच होता.

आग्यावेताळाची गोष्ट निराळी. अवसेच्या रात्री वेताळाची स्वारी निघते, पुढे मशाली नाचतात, आणि त्या मशालींच्या मागे जाणारा परत येत नाही, ही समजूत साऱ्या महाराष्ट्रात आहे. दलदलीवर दिसणाऱ्या फिरत्या ज्योतीस आपल्या भाषेत आग्यावेताळ हे नाव आहे. बंगालात तिला आलेया म्हणतात, आणि कच्छच्या बन्नी प्रदेशात चीरबत्ती. जगातील बहुतेक दलदलींच्या काठी अशा ज्योतींच्या कथा सापडतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १७७६ मध्ये एका सरोवराच्या काठी चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि तो वायू पेट घेतो हे दाखविले. हाच मिथेन वायू. पाण्याखाली पालापाचोळा हवेवाचून कुजला म्हणजे तो निर्माण होतो. मात्र रानात, काडी न लावता, तो आपोआप कसा पेटतो, यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत झालेले नाही. तेव्हा आग्यावेताळाची पुरती हकालपट्टी झाली असे कोणी समजू नये! खाजणे भरली गेली आणि दिवाबत्ती आली, म्हणून तो मुंबईतून दिसेनासा झाला एवढे खरे.

आता मुख्य कथेकडे वळू. वरळीचे भगदाड बुजवावे हा विचार कंपनी सरकारात पुष्कळ वर्षे घोळत होता आणि लहानमोठे प्रयत्नही झाले होते. अखेर गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दीत, म्हणजे १७७१ ते १७८४ या काळात, मोठ्या बांधाचे काम हाती घेतले गेले, आणि १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला असे सर्वसाधारणपणे मानतात. यासच इंग्रज 'हॉर्नबी व्हेलार्ड' म्हणत. व्हेलार्ड हा शब्द कुंपण किंवा बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून आला आहे. आज त्याच जागी लाला लजपतराय मार्ग आहे.

आख्यायिका अशी की, दगडमाती टाकावी आणि समुद्राने ती वाहून न्यावी, असे वारंवार घडू लागले. काम पाहणारा रामजी शिवजी हा पाठारे प्रभु ज्ञातीचा गृहस्थ हताश झाला. तेव्हा एके रात्री महालक्ष्मीने त्यास दृष्टांत दिला. परकीयांच्या आक्रमणाच्या वेळी आम्ही या खाडीत उडी घेतली आहे. आम्हांस बाहेर काढ, म्हणजे तुझा बांध टिकेल. रामजीने कोळ्यांकडून जाळी टाकविली, आणि महालक्ष्मी, महाकाली व महासरस्वती या तीन मूर्ती वर आल्या. बांध उभा राहिला. गव्हर्नराने प्रसन्न होऊन टेकडीवरील जागा देवालयासाठी दिली, आणि तेच आजचे महालक्ष्मीचे देऊळ.

ही कथा मुंबईतील प्रत्येक घराने ऐकलेली आहे. तिच्याविषयी इतिहासाच्या दृष्टीने दोन शब्द बोलणे अवश्य आहे. देवळाच्या बांधणीचे वर्ष निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळे दिलेले आढळते. कोणी ते १७८५ च्या सुमाराचे मानतात, तर कोणी १८३१ साली धाकजी दादाजी यांनी ते बांधले असे सांगतात. एक देऊळ लहान असते, पुढे त्याचा जीर्णोद्धार होतो, आणि दोन्ही वर्षे खरी ठरतात, असे पुष्कळ ठिकाणी झाले आहे. वर्षावरून वाद घालण्यात फारसे स्वारस्य नाही. स्वारस्य आहे ते कथेच्या घडणीत.

कारण दृष्टांताची ही कथा एकटी नाही. याच सखल प्रदेशाच्या काठी, परळ आणि माहीम यांच्या दरम्यान, प्रभादेवीचे देऊळ आहे. तेथील मूर्तीही आक्रमणाच्या भीतीने पाण्यात, म्हणजे विहिरीत, लपविली होती. पुढे १७१४ च्या सुमारास श्याम नायक नावाच्या गृहस्थास स्वप्न पडले, मूर्ती बाहेर काढली, आणि १७१५ मध्ये देऊळ झाले, असे सांगतात. म्हणजे वरळीच्या कथेपूर्वी किमान दोन पिढ्या तिचा सांगाडा येथे तयार होता. माहीमच्या राजधानीचा, बिंबराजाचा आणि त्याच्याबरोबर आलेल्या कुळांचा वृत्तांत 'माहिकावतीच्या बखरी'त आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती १९२४ साली छापली. राज्ये बुडाली, धनी बदलले, पण देवता नाहीशा झाल्या नाहीत, पाण्याखाली राहिल्या, ही या कुळांची श्रद्धा होती. राज्य बदलण्याच्या धामधुमीत ज्यांची देवळे गेली, त्यांनी आपल्या देवता दलदलीच्या हवाली केल्या आणि शांतता होताच परत मागून घेतल्या. भरतीने जे नेले ते ओहोटीला परत मिळते, हा ज्यांचा रोजचा अनुभव, त्यांच्या मनात ही कल्पना सहज रुजली असली पाहिजे.

वरळीच्या खडकावरील हाजी अली यांच्या दर्ग्याची कथाही याच कुळीतली आहे. दर्गा १४३१ चा म्हणून सांगतात. एका गरीब स्त्रीचे तेल रस्त्यात सांडले. पीराने जमिनीत बोट रोवताच तेल उफाळून वर आले आणि तिचे भांडे भरले. पण आपण त्या कृत्याने धरणीला दुखविले, ही टोचणी त्यास मरेपर्यंत लागून राहिली. मक्केच्या वाटेवर तो वारला, आणि त्याची शवपेटी समुद्रावरून तरंगत येऊन वरळीच्या खडकांस लागली. म्हणजे भगदाडाच्या एका अंगास कोळ्यांच्या जाळ्यात आलेल्या देवी, आणि दुसऱ्या अंगास लाटांनी आणून ठेवलेला पीर! दोन धर्मांच्या लोकांनी एकाच पाण्याविषयी एकच गोष्ट सांगितली आहे: येथे समुद्र जे देतो, ते पवित्र असते. जमिनीला दुखविल्याचा पश्चात्ताप मात्र एकट्या पीराला झाला. पुढे तेथे डोंगर फोडून भराव घालणाऱ्यांपैकी कोणालाही तो झाल्याचे ऐकिवात नाही.

महालक्ष्मीच्या कथेचा आणखी एक विशेष आहे. आपल्याकडे तळे, विहीर, बांध यांच्या कथांत पाणी बहुधा बळी मागते. श्रावणात स्त्रिया शितळासप्तमीची कहाणी वाचतात. तीत राजाच्या तळ्याला पाणी लागत नाही, आणि जलदेवता सुनेचा वडील मुलगा बळी मागतात. पुढे व्रताच्या पुण्याईने तो मुलगा पाण्यातून परत येतो खरा, पण मागणी होते ती जिवाचीच. वरळीच्या देवीने कोणाचे मूल मागितले नाही. मला वर घ्या, एवढेच तिचे म्हणणे. कोकणपट्टीवर बांधाच्या पायात माणूस पुरल्याच्या गोष्टी इतक्या आहेत की, मुंबईच्या सर्वांत मोठ्या बांधाला अशी गोष्ट चिकटू नये, हे प्रस्तुत लेखकास मोठे भूषणास्पद वाटते. याच सखल प्रदेशाच्या माहीमकडील टोकास शितळादेवीचे देऊळ आहे, आणि त्या आवारात खोकलादेवीही आहे. देवी, गोवर, ताप, खोकला यांनी गांजलेल्या वस्तीने रोगांनाच देवता करून त्यांची समजूत घातली. त्या काळी दुसरे औषध नव्हते.

आता इंग्रजांच्या बाजूची दंतकथा ऐका. हॉर्नबीने बांधाचा सुमारे एक लाख रुपयांचा अंदाज लंडनला पाठविला. कंपनीच्या संचालकांनी तो नाकारला. हॉर्नबीने तरीही काम चालू ठेवले. पुढे त्यास अधिकारावरून दूर केल्याचा हुकूम आला, तेव्हा त्याने तो पाकिटासह खिशात घातला आणि आपली मुदत पुरी होईपर्यंत कोणास दाखविला नाही. ही गोष्ट इंग्रज लेखकांनी मोठ्या चवीने रंगविली आहे. तिचा रंग आपल्या दृष्टांताच्या कथेहून फारसा वेगळा नाही. तेथे देवी स्वप्नात येते. येथे साहेब टपाल लपवितो. दोन्ही कथांत एक शहाणा पुरुष आहे, एक अडचण आहे आणि शेवटी विजय आहे. आपल्या कथेस भाकड म्हणणारे पुष्कळ सुशिक्षित लोक साहेबाची कथा मात्र इतिहास म्हणून सांगतात, याची गंमत वाटते.

आणि दोन्ही कथांत एक उणीव आहे. बांधावर दगड कोणी वाहिले? कोळ्यांनी मूर्तीसाठी जाळी टाकली, एवढा उल्लेख आहे. बाकी साऱ्यांचा पत्ता नाही. भरतीच्या वेळापत्रकाने काम करावयाचे, ओहोटीच्या काही तासांत जितका भराव टाकता येईल तितका टाकावयाचा, आणि पुन्हा पाणी चढण्याच्या आत चिखलातून बाहेर पडावयाचे, हे काम किती कठीण असेल याची कल्पना करून पाहावी. तापाने गोरे मेले याची नोंद गोऱ्यांनी केली. मजुरांची नोंद कोणी केली नाही. तेलंगणाकडून आलेल्या कामाठी मजुरांचे नाव कामाठीपुऱ्यास राहिले, आणि तो कामाठीपुराही याच दलदलीवर भराव घालून वसला. परंतु त्या वस्तीचे नाव आज निघते ते कोणत्या संदर्भात, हे सांगावयास नको.

येथे ज्ञातिबंधूंस स्पष्ट सांगितले पाहिजे की, स्मरणिका काढणाऱ्या प्रत्येक ज्ञातीस आपला असा एक रामजी शिवजी हवा असतो, आणि त्यात वावगे काहीच नाही. पूर्वजांचा अभिमान माणसाने बाळगावाच. पण पूर्वजाचे नाव एका थोर कामास जोडताना, त्या कामाचे सारे श्रेय त्याच्या खात्यावर जमा करण्याची घाई करू नये. रामजी शिवजीची थोरवी एवढीच पुरेशी आहे की, काम अडले असता त्याने आपल्या लोकांच्या श्रद्धेचे म्हणणे ऐकले आणि कोळ्यांची मदत मागितली. खाडीचा तळ कोळ्यांस ठाऊक होता, साहेबास नव्हता.

बांध झाला, समुद्र बाहेर राहिला, आणि दलदल मात्र गेली नाही. ही गोष्ट दंतकथेत येत नाही, पण इतिहासाने ती सोडता कामा नये. आतील जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. समुद्र अडविता आला, पाऊस कसा अडवावा? पूर्वी भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा सर्व धुऊन नेत होते. आता पावसाचे पाणी आतच साचून कुजू लागले. त्यात वाढत्या शहराचे सांडपाणी आणि केरकचरा येऊन पडू लागला. एकोणिसाव्या शतकात शहराचा कचरा टाकूनच या मैदानाचे पुष्कळ भाग उंच करण्यात आले. त्यावर रस्ते, बाजार, गिरण्या आणि चाळी उभ्या राहिल्या. १८९६ साली प्लेग आला, १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला, आणि नागपाड्यासारख्या सखल, दाट वस्तीकडे सरकारचे लक्ष वळले. शहराच्या इतर अंगांसही याच काळात पाण्यावर रस्ते झाले: कुलाब्याचा १८३८ मध्ये, माहीमचा १८४५ मध्ये. माहीमचा पूल जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी स्वतःच्या दीड लाखाहून अधिक रुपयांच्या देणगीने बांधविला.

ताप मात्र राहिलाच. सर रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधून काढला, आणि वाईट हवेची कल्पना संपुष्टात आली. पुढे डॉक्टर बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची तपासणी करून १९११ मध्ये अहवाल दिला. त्यांस आढळले की शहरात रोग पसरविणारा डास मुख्यतः घरोघरीच्या विहिरींत वाढतो. जुनी दलदल भरून काढली होती. पण तिच्या काठच्या वाड्यांतून, घराच्या मागील दारी, तिची शेकडो लहान पिले राहिली होती. म्युनिसिपालिटीने विहिरी बुजविण्याचा किंवा झाकण्याचा हुकूम काढला, आणि एकच ओरड झाली.

ही ओरड केवळ पाण्यासाठी नव्हती. विहिरीत देवता राहतात, आसरा राहतात, पूर्वजांपैकी कोणी राहतात. त्यांचा श्वास कोंडला तर घरावर अरिष्ट येईल, असे लोकांचे म्हणणे पडले. पूजेच्या पाण्यास सूर्यकिरणांचा स्पर्श हवा, असाही आक्षेप होता, आणि तो हिंदू व पारशी दोघांनीही घेतला. त्या वेळी रुस्तम पेस्तनजी मसानी म्युनिसिपालिटीच्या सेवेत होते. पुढे ते तिचे कमिशनरही झाले. दुसरा एखादा अधिकारी असता, तर त्याने या अर्जांवर 'अडाणीपणा' असा शेरा मारून ते दप्तरी लावले असते. मसानींनी ते वाचले, त्यांतील समजुती जमविल्या, जगातील इतर जलपूजांशी त्यांची तुलना केली, आणि १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिले. कोठे विहीर पुरती बुजविण्याऐवजी झाकण आणि बारीक तारेची जाळी बसविण्याची तडजोड झाली. जाळीतून ऊन आत जाते, देवतेस वारा मिळतो आणि डास अडतो! आरोग्यखाते आणि आसरा या दोघांचेही समाधान करणारा असा तोडगा आपल्या शहरात निघाला होता, याचा आपण अभिमान बाळगावयास हरकत नाही.

इकडे समुद्रानेही आपला हक्क सोडलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी आणि माहीमच्या खाडीच्या काठचा भराव पाण्याखाली गेला, आणि शेकडो माणसे मृत्यू पावली. जुन्या फ्लॅट्सच्या भागात तर जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की पाणी साचते. १९९३ च्या अहवालानुसार आखलेल्या योजनेत हाजी अली आणि लव्हग्रोव्ह येथे पाणी उपसून समुद्रात टाकणारी केंद्रे बांधली गेली. नकाशा काढून पाहिले तर ही दोन्ही ठिकाणे त्या जुन्या भगदाडाच्याच आसपास आहेत. जेथून समुद्र आत येत असे, तेथूनच आता आतले पाणी यंत्राने बाहेर काढावे लागते.

ज्ञातिकुटुंबांस एक विनंती करावयाची आहे. गिरगाव, खेतवाडी, ठाकूरद्वार, माहीम, परळ येथील जुन्या वाड्या झपाट्याने पाडल्या जात आहेत, आणि त्यांच्या विहिरी बुजवून त्यांवर मोटारी उभ्या करण्याच्या जागा होत आहेत. वाडीच्या विहिरीस काही नाव होते काय. तिच्यातील देवतेस किंवा पुरुषास काय म्हणत. नारळ, दहीभात किंवा कोंबडे कोणत्या तिथीस देत आणि ते कोणत्या ज्ञातीच्या माणसाच्या हातून देत. विहीर झाकल्यावर घरात काय घडले असे सांगत. घरात फोरस जमिनीचे कागद आहेत काय: एवढी माहिती वडील माणसांना विचारून, जशी ते सांगतील तशीच, त्यात आपली भर न घालता, संपादक मंडळाकडे धाडावी. लिहिणाऱ्याने विहिरीची जागा जवळच्या देवळापासून किंवा रस्त्यापासून किती अंतरावर होती, तेवढे अवश्य नमूद करावे.